टर्बो १८२ : डेन्व्हरहून शिकागोला जाताना किती उंचीवर जावं?

डेन्व्हरवासी

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आम्ही तिघांनी मिळून एक सेसना टी१८२टी घेतलं. विमान डेन्व्हरच्या सेंटेनियल विमानतळावर असतं. त्याआधीचे माझे सगळे २४० तास साध्या १७२ मधले. तिथे उंची निवडायचा प्रश्नच नव्हता. उन्हाळ्यात साडेदहा हजारांच्या पुढे इंजिन दमायचं, मग जेवढं चढेल तेवढं चढायचं. आता टर्बोचार्जर (वरच्या विरळ हवेतही इंजिनाला दाबून हवा पुरवणारा पंप) आहे, पुस्तकात २०,००० फुटांपर्यंत मुभा आहे, आणि त्यामुळेच माझा गोंधळ उडालाय.

जुलैत बहिणीकडे शिकागोला जायचंय. उतरायचं तिथल्या ड्यूपेज विमानतळावर. साधारण ७६० नॉटिकल मैल, मध्ये लिंकनला (नेब्रास्का) इंधन. सोबत बायको आणि आठ वर्षांची मुलगी. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (नुसत्या उपकरणांवर विसंबून उडवायची परवानगी) अजून नाही, त्यामुळे व्हीएफआरच (बाहेर बघत उडायचे नियम), म्हणजे पूर्वेकडे जाताना फार तर १७,५००.

एक भागीदार म्हणतो, टर्बोचे पैसे मोजलेत तर सरळ १७,५०० ला जा, वाराही पाठीशी मिळेल. माझे इन्स्ट्रक्टर म्हणतात, ९,५०० ला निवांत जा, लहान मूल आहे. दोघांचंही ऐकताना पटतं. ज्यांनी टर्बोवर वर्षं काढलीत ते नेमकं कशावरून ठरवतात, हे समजून घ्यायचंय.

विंडसॉक

अभिनंदन. चांगलं विमान घेतलंत. मी अकरा वर्षं मूनी २३१ उडवलं, आता टर्बो २०६ आहे, तेही कोलोरॅडोतूनच. त्यामुळे तुमचा रस्ता पाठ आहे.

भागीदाराचं म्हणणं आधी घेतो, कारण नवा टर्बोवाला प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. मीही केली होती. दर हजार फुटांमागे खरा वेग अंदाजे दोन टक्के वाढतो, हे बरोबर आहे. साध्या इंजिनात वर जाताना ताकद गळत जाते म्हणून तो फायदा पदरात पडत नाही, टर्बोत पडतो. पण तो फायदा तुम्ही वर जितका वेळ *राहता* तितकाच मिळतो. म्हणून मी कागदावर सगळ्यात आधी एकच गोष्ट मांडतो : चढायला किती, उतरायला किती, मध्ये उरतं किती.

सेंटेनियलची धावपट्टी ५,८८५ फुटांवर आहे. (कळसूबाईचा माथा ५,४०० फूट. आपण विमानात बसतो तेव्हाच त्याच्या वर असतो.) तिथून १७,५०० म्हणजे ११,६०० फुटांची चढण. तिघं जण, सामान, भरलेल्या टाक्या आणि जुलैची सकाळ, असा हिशोब धरला तर सरासरी मिनिटाला ७०० फूट धरा. सतरा मिनिटं झाली. या सतरा मिनिटांत इंजिन सगळ्यात जास्त पितं आणि सगळ्यात जास्त तापतं. आता लिंकन १,२०० फुटांवर. मुलगी सोबत आहे म्हणजे मिनिटाला ५०० फुटांपेक्षा जोरात उतरायचं नाही. सोळा हजार फूट उतरायला बत्तीस मिनिटं. टेलविंड (पाठीचा वारा) धरून जमिनीवरचा वेग १८५ नॉट (तासाला नॉटिकल मैल) असेल तर उतरायला सुरुवात गावाच्या शंभर मैल आधी करावी लागेल. सेंटेनियल ते लिंकन आहेच ३७५ मैल. चढण्यात चाळीस गेले, उतरण्यात शंभर गेले. ज्या उंचीसाठी एवढा खटाटोप, तिथे तुम्ही जेमतेम २३५ मैल असणार.

आता वारा. समजा अंदाजात ९,००० ला पश्चिमेचा १५ नॉट आहे, १२,००० ला २५, १८,००० ला ३९. उन्हाळ्यात अशी चढती भाजणी पुष्कळदा दिसते. माझ्या अंदाजाने तुमचं विमान ९,५०० ला १४० नॉट देईल, १३,५०० ला १४७, १७,५०० ला १५४. तुमच्या विमानाच्या पुस्तकातले आकडे घालून पुन्हा करा, पण माझं गणित असं येतं : ९,५०० ला २ तास २६ मिनिटं, १३,५०० ला २ तास १२, १७,५०० ला २ तास १. चढताना वाया जाणारी मिनिटं यात धरली आहेत.

म्हणजे पहिल्या चार हजार फुटांनी चौदा मिनिटं दिली, पुढच्या चार हजारांनी अकरा. त्या अकरा मिनिटांसाठी काय द्यावं लागतं ते बघा. १२,५०० च्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिलात तर वैमानिकाला ऑक्सिजन सक्तीचा, १४,००० च्या वर पूर्ण वेळ, आणि १५,००० च्या वर विमानातल्या प्रत्येकाला तो उपलब्ध असलाच पाहिजे. म्हणजे १७,५०० ला आठ वर्षांच्या मुलीच्या नाकातली नळी निसटली तरी तुम्हाला मागे वळून बघावं लागणार. मी तुमच्या जागी असतो तर १३,५०० घेतलं असतं, आणि वारा एवढा नसता तर ११,५००. ऑक्सिजन मात्र दोन्हीकडे, तिघांनाही. कायदा मागतो म्हणून नव्हे, दोन तासांनी उतरताना डोकं ताजं असतं म्हणून.

आणखी एक गोष्ट लिहितो, ती टर्बोवाल्यानं कधीच विसरू नये.

२०१४ च्या ऑक्टोबरात मूनी घेऊन पूर्वेकडे चाललो होतो, १५,५०० वर, नेब्रास्कातलं नॉर्थ प्लॅट अजून पुढे होतं. अचानक मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) ३० इंचांवरून १६ वर आलं आणि इंजिन खोकायला लागलं. टर्बोकडून इंजिनाकडे दाबाखालची हवा नेणारा रबरी पाइप क्लॅम्पमधून निसटला होता. दोनच आठवड्यांपूर्वी विमान वार्षिक तपासणीहून आलं होतं आणि तो क्लॅम्प कोणीतरी नीट आवळला नव्हता. अशा वेळी हवा अचानक निम्मी होते, इंधन मात्र पूर्वीइतकंच जात राहतं, त्यामुळे मिक्श्चर (हवा-इंधनाचं मिश्रण) इतकं रिच, म्हणजे इंधनानं भरलेलं, होतं की इंजिन बंदच पडू शकतं. हाताला सवय असते मिक्श्चरचा दांडा पुढे ढकलून इंधन वाढवायची. इथे उलट करायचं असतं, *मागे ओढायचं*. मी ओढलं, आणि इंजिनानं श्वास घेतला. ताकद साध्या इंजिनाइतकी, पण चालू.

तेव्हा जमीन माझ्या बारा हजार फूट खाली होती. विचार करायला वेळ होता आणि नॉर्थ प्लॅटची धावपट्टी आवाक्यात होती. उंचीचा हा फायदा वेगाच्या गणितात कुठेच दिसत नाही, पण मी ९,५०० पेक्षा १३,५०० पसंत करतो त्यामागे हेही कारण आहे. दाब पडला तर 'पाइपच निसटला असेल' असं मनाशी ठरवून पुढे जाऊ नका. एक्झॉस्टच्या बाजूचा क्लॅम्प गेला असेल तर हजार अंश फॅरेनहाइटहून गरम वायू थेट इंजिनाच्या खोलीत येतो. कॉकपिटमधून दोन्ही सारखंच दिसतं. जवळचा विमानतळ गाठायचा.

डॉक्टरताई

मी वैमानिक नाही. माझे यजमान आहेत, मी उजव्या सीटवरची. पेशाने भूलतज्ज्ञ, त्यामुळे ऑक्सिजनबद्दल बोलण्याचा थोडा अधिकार आहे.

आकड्यांनी उंची कळत नाही, म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या ठिकाणांवर मांडते. ११,५०० म्हणजे लेह. तिथे उतरल्यावर पहिले दोन दिवस खोलीत पडून राहा असं सगळे बजावतात, ते उगाच नाही. १७,५०० म्हणजे जवळजवळ खारदुंग ला. १८,००० ला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. हवेत ऑक्सिजन तेव्हाही २१ टक्केच असतो, पण फुफ्फुसातून रक्तात ढकलणारा दाबच उरलेला नसतो.

ऑक्सिजन कमी पडला की दम लागेल, त्रास होईल, असं लोकांना वाटतं. बहुतेकांना छान वाटतं. हातून चुका होत असतात आणि माणूस खुशीत असतो. म्हणून स्वतःच्या वाटण्यावर विसंबू नका. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तिघांसाठी ठेवा आणि दर दहा मिनिटांनी आकडा मोठ्याने म्हणा. ९० च्या खाली गेला तर आधी प्रवाह वाढवा, तरी चढला नाही तर खाली या. नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो, एका बोटाची काढून ठेवायला सांगा.

मुलीबद्दल दोन गोष्टी. नाकातली नळी नाकाने श्वास घेतला तरच कामाची. सर्दी असेल, तोंडाने श्वास चालू असेल, तर नळी लावून काही साधत नाही. आणि सर्दीत कान. चढताना फारसं जाणवत नाही, उतरताना मूल कळवळतं. त्या दिवशी तिचं नाक चोंदलेलं असेल तर खालची उंची घ्या, नाहीतर निघूच नका. घरी आठवडाभर आधी नळी लावून टीव्ही बघायला बसवा, म्हणजे विमानात ती गोष्ट नवी राहणार नाही.

रात्रीचं उड्डाण असेल तर ५,००० पासूनच ऑक्सिजन वापरावा अशी शिफारस आहे. डोळ्याच्या पडद्याला सगळ्यात आधी कमी पडतो.

ओमाहाकर

विंडसॉक यांच्याशी बहुतांशी सहमत. पण सगळे जातानाचंच बोलताहेत, परतीचं कोण बघणार?

परतताना तोच वारा तोंडावर. पश्चिमेकडे जाताना व्हीएफआरची उंची सम हजार अधिक पाचशे. समजा ८,५०० ला १४ नॉट हेडविंड आहे आणि १६,५०० ला ३५. खाली १३८ वजा १४, म्हणजे १२४. वर १५२ वजा ३५, म्हणजे ११७. लिंकन ते सेंटेनियल खालून तीन तास, वरून तीन तास बारा, शिवाय चढण्याचं इंधन वेगळं. टर्बो असूनही खालीच राहायचं.

आता नेब्रास्कावाल्याकडून एक सूचना. हे मैदान सपाट दिसतं, पण ते सलग चढत जातं. लिंकनला जमीन १,२०० फुटांवर, नॉर्थ प्लॅटला २,८००, कोलोरॅडोची हद्द ओलांडून पुढे गेलात की पाच हजारांच्या घरात. लिंकनहून निघताना ६,५०० ऐसपैस वाटतं, तेच दोन तासांनी जमिनीलगत होतं. म्हणून मी पायऱ्या करतो : आधी ६,५००, मग ८,५००, शेवटी गरज पडली तर १०,५००. जुलैत दुपारी डेन्व्हरच्या पूर्वेला गडगडाटी ढग उभे राहतात, त्यांच्या माथ्यावरून जायची ताकद आपल्या कुठल्याच विमानात नाही. सकाळी सहाला लिंकन सोडा, म्हणजे आदल्या रात्री लिंकनमध्ये मुक्काम.

आणि ९,५०० ला जाताना दुपारचे धक्के विसरू नका. विंडसॉक यांनी वेग आणि सुरक्षितता धरली, पण कापसाच्या ढगांच्या वर गेल्यावर विमान जे शांत होतं त्याची किंमत मागे बसलेल्यांना विचारा. माझी बायको तेवढ्यासाठीच दोन हजार फूट जास्त चढायला लावते, आणि तिचं बरोबर असतं.

डेन्व्हरवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन पोचलो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहाटे पावणेसहाला निघालो. वारा अंदाजापेक्षा थोडा कमी होता, तरी १३,५०० घेतलं. लिंकनपर्यंत २ तास १९ मिनिटं. तिघांनाही ऑक्सिजन. लेकीनं आठवडाभर घरी नळी लावून कार्टून बघितली होती, त्यामुळे विमानात ती आमच्या आधी तयार. दर दहा मिनिटांनी आकडे वाचायचं काम तिलाच दिलं होतं. सगळ्यांचे ९३ ते ९६ होते. एकदा माझा ८९ आला, बघितलं तर बोलता बोलता नळी गालावर सरकली होती. मला काहीही जाणवलं नव्हतं, अगदी मजेत होतो. डॉक्टरताई, तुम्ही लिहिलं होतं ते शब्दशः खरं.

उतरायला लिंकनच्या ८० मैल आधी सुरुवात केली, मिनिटाला ५०० ने. लेक लिमलेटची गोळी चघळत होती, कानाची तक्रार नाही.

पुढे आयोवावर ढगांचे माथे ९,००० च्या आसपास होते. ११,५०० ला गेलो आणि बायको शिकागो येईपर्यंत झोपली. ढग तुटक होते, उतरायला मोकळी जागा भरपूर मिळाली.

परतीसाठी लिंकनला हॉटेल घेतलंय, सकाळी सहाला निघणार.

एक शंका राहिली. सेंटेनियलहून चढताना पाचव्या सिलिंडरचं तापमान ४१२ अंश फॅरेनहाइटपर्यंत गेलं, बाकीचे ३८० च्या खाली होते. काउल फ्लॅप (इंजिन थंड करणाऱ्या हवेच्या झडपा) उघडे, मिक्श्चर पूर्ण रिच, वेग ९५ नॉट. वर सरळ झाल्यावर तो ३७० वर आला.

विंडसॉक

छान केलंत. परतताना ११० नॉटने चढा. मिनिटाला शंभर-दीडशे फूट कमी मिळतील, पण नाकावर हवा येईल. वर गेल्यावर हवा विरळ होते, तीच हवा सिलिंडरही थंड करते, त्यामुळे लांब चढणीत हा आकडा शेवटी शेवटी वाढतो.

पण एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा तीसेक अंश वर आहे, ते नुसत्या वेगाचं काम वाटत नाही. लिंकनला काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडून पाचव्यापाशी रबरी बॅफल (हवा सिलिंडरांकडे वळवणारी पट्टी) आतल्या बाजूला दुमडलंय का ते बघा. टॉर्च न्या. दुमडलं असेल तर हाताने सरळ होतं. सरळ असेल तर घरी आल्यावर त्या सिलिंडरचा इंजेक्टर (इंधन सोडणारी तोटी) साफ करून घ्या, आणि इंजिन मॉनिटरमधली नोंद उतरवून इथे टाका, मी बघतो.