केळ्याचा केक मधे गिच्च राहतोय, काय चुकतंय?

अर्धी_वाटी:
तिसऱ्यांदा केला आणि तिसऱ्यांदा तेच. ओव्हनमध्ये असताना टम्म फुगतो, रंग पण मस्त येतो, बाहेर काढला की दहा मिनिटांत मधे खड्डा, आणि कापला तर खालचा अर्धा इंच गिच्च, खळीसारखा. माझं प्रमाण असं, 2 वाट्या मैदा, 5 केळी (काळी पडायला लागलेली होती तेवढी सगळीच घातली, टाकवत नाहीत), 2 अंडी, अर्धी वाटी तेल, पाऊण वाटी साखर, 2 छोटे चमचे खायचा सोडा. लोफ टिनमध्ये 180 वर 35 मिनिटं. शेवटी सगळं एकत्र करून बीटरने चांगलं पाच मिनिटं फेटते. मुलं कडेकडेचं खातात आणि मधलं माझ्या वाट्याला येतं. फळांचं दुसरं काही सोपं असेल तर तेही सांगा, पण आधी ह्या केकचं काय ते.

करपलेला_टोस्ट:
अगं पाच केळी म्हणजे केक नाही, शिरा झाला. 2 वाट्यांना 3 मध्यम केळी बास, कुस्करल्यावर साधारण 300 ग्रॅम भरतात. केळ्यात पाणीच जास्त, ते मैद्याला झेपत नाही आणि मग खाली बसतं.
सोडा पण फार होतोय, तेवढ्या मैद्याला अर्धा छोटा चमचा पुरतो. जास्त घातला की केक भराभर फुगतो, पण आतलं घट्ट व्हायच्या आधीच बुडबुडे फुटतात आणि केक बसतो, तो तुझा खड्डा. वर साबणासारखी चव लागते ती वेगळीच. आणि सोड्याला आंबट काहीतरी लागतं, केळ्यात असतं थोडं पण मी दोन चमचे दही घालतेच.
लोफ टिन खोल असतो ना, त्याला 35 मिनिटांत काय होणार, 170 वर 55 ते 60 मिनिटं दे. वरून लवकर लाल व्हायला लागला तर फॉइल झाक. टूथपिक बरोब्बर मधे खुपसून बघ, कडेला खुपसून काही कळत नाही. आणि पहिला अर्धा तास दार उघडायचं नाही म्हणजे नाही.

पीठ_सांडलं:
वरचं सगळं बरोबर पण बीटरचं राहिलं. अंडी, तेल, साखर वाट्टेल तेवढी फेटा, मैदा पडला की बीटर बाजूला. मैदा फेटत बसलं की ग्लुटेन तयार होतं आणि केक चिवट, रबरासारखा होतो. चमच्याने हलक्या हाताने कालवायचं, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू देत.
उरलेली दोन केळी सोलून फ्रीजरमध्ये टाका. बाहेर काढल्यावर पाणी सुटतं आणि दिसायला भयंकर दिसतात, पण पुढच्या केकला तीच घ्यायची, पाण्यासकट मोजून.

दालचिनी_जास्त:
केकच्या भानगडीत कशाला पडता, क्रम्बल करा! मी तर वैतागून केक सोडलाच. 200 ग्रॅम मैदा, 100 बटर, 100 साखर, चिमूटभर मीठ. बटर फ्रीजमधलं थंडगारच हवं, बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं, रवाळ चुरा झाला की बास, गोळा होऊ द्यायचा नाही. खाली सफरचंदाच्या नाहीतर पेअरच्या फोडी, थोडी साखर, लिंबू, दालचिनी (नावाला जागते मी), वर हा चुरा दाबून न बसवता नुसता भुरभुरायचा. 180 वर 40 मिनिटं, कडेने रस उकळून वर यायला लागला की झालं. फेटणं नाही, फुगणं नाही, खड्डा नाही.

करपलेला_टोस्ट:
फक्त फळ रसाळ असेल, पीच, प्लम वगैरे, तर फोडींना एक चमचा कॉर्नफ्लॉर चोळा, नाहीतर खाली सूप होतं.

अर्धी_वाटी:
झाला!! 3 केळी, अर्धा चमचा सोडा, 58 मिनिटं. मधोमध कापला तरी कोरडा, म्हणजे ओलसर पण गिच्च नाही. दुपारपर्यंत संपला पण, मला एकच तुकडा मिळाला आणि तोही कडेचा 😄
आता जरा हुशारी केली, दुसऱ्या खेपेला मूठभर ब्लूबेरी टाकल्या तर त्यांच्याभोवती हिरवट निळे डाग. खराब होत्या का? आम्ही खाल्ल्या पण.

पीठ_सांडलं:
काही होत नाही, बिनधास्त खा. ब्लूबेरीचा जांभळा रंग आंबटात लालसर होतो आणि सोड्याने हिरवा निळा. दही नव्हतं ना घातलं?

अर्धी_वाटी:
नव्हतं. संपलं होतं 🙈