अनुभव धागा: फार्म.डी.च्या आधी बॅचलर्स करावं का?

लेक अकरावीत आहे, आम्ही न्यू जर्सीत राहतो. तिला फार्मसीलाच जायचंय, म्हणजे इथली फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) ही पदवी घ्यायचीय. इथली बहुतेक फार्मसी कॉलेजं बॅचलर्स मागत नाहीत. केमिस्ट्री, ऑरगॅनिक, बायो, मायक्रो, अ‍ॅनाटॉमी, कॅल्क्युलस, स्टॅट्स हे विषय दोनेक वर्षांत उरकले की अर्ज करता येतो. रटगर्समध्ये तर बारावीनंतर थेट सहा वर्षांचा कोर्स आहे. तिचे बाबा म्हणतात, आधी एक डिग्री हातात असू दे. ज्यांनी यातलं काही स्वतः केलंय त्यांनी कृपया लिहा. सल्ला नको, काय घडलं ते हवंय.

थेट सहा वर्षं केलेली
ताई, मी बारावीनंतर थेट गेले. चोविसाव्या वर्षी लायसन्स हातात होतं आणि दोन वर्षांची फी वाचली. पण पहिल्या दोन वर्षांत ठरावीक जीपीए (गुणांची सरासरी) टिकवावाच लागतो, नाहीतर पुढची जागा जाते. ऑरगॅनिकच्या सेमिस्टरला मी घरी गणपतीलाही आले नाही. माझ्या रूममेटला तिसऱ्या वर्षी कळलं की हे आपलं काम नव्हे. तिचे बरेचसे क्रेडिट्स बायोलॉजीत धरले गेले, तरी पदवी लांबलीच. मला मात्र कधी शंका आली नाही, आणि शंका नसेल तर थेट जाण्यासारखं काही नाही.

बायोकेमिस्ट्री करून गेलेला
मी चार अधिक चार केलं, म्हणजे चार वर्षं बॅचलर्स आणि मग चार वर्षं फार्म.डी. मधल्या काळात एका औषधांच्या दुकानात टेक्निशियन (मदतनीस) होतो. औषध तयार असतं, पण इन्शुरन्सवाला नकार देतो आणि म्हातारे आजोबा काउंटरपाशी उभे असतात, अशा वेळी काय करायचं हे तिथे शिकलो. इंटरव्ह्यूत बोलायला माझ्याकडे खरंखुरं काहीतरी होतं. पहिल्या वर्षीची बायोकेमिस्ट्रीही सोपी गेली. पुढे रेसिडेन्सीसाठी (फार्म.डी.नंतरचं प्रशिक्षण) मुलाखती दिल्या, तिथे रोटेशन्सबद्दल (कोर्समधलं प्रत्यक्ष काम) विचारलं, बॅचलर्सबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. कर्ज मात्र आठ वर्षांचं झालं, ते अजून फेडतोय.

कम्युनिटी कॉलेजमधून
सगळ्यात स्वस्त हेच. फक्त एक सांगते: विषय घेण्याआधी ज्या ज्या कॉलेजात अर्ज करणार, त्या प्रत्येकाची यादी बघा. एका कॉलेजने माझी ऑनलाइन लॅब धरली नाही, अख्खा विषय पुन्हा करावा लागला. पी-कॅट या प्रवेश परीक्षेची धास्ती आता नाही, ती परीक्षा जानेवारी २०२४ नंतर बंद झाली. आणि तुमच्या मिस्टरांना हेही सांगा, की काही कॉलेजं फार्म.डी. चालू असतानाच मधे बी.एस. (बॅचलर्स) देतात. डिग्रीचीच काळजी असेल तर तसं कॉलेज शोधा.

पुण्याचा बी.फार्म.
माझी गोष्ट थोडी निराळी. परदेशात शिकलेल्या फार्मासिस्टना इथल्या लायसन्ससाठी एफपीजीईई परीक्षा आहे, पण १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांचा कोर्स किमान पाच वर्षांचा लागतो. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं, त्यामुळे तो रस्ता बंद. मी पहिल्या वर्षापासून फार्म.डी. केलं. बॅचलर्स म्हणून बी.फार्म. धरलं, तरी पब्लिक स्पीकिंग आणि इंग्लिश कॉम्पोझिशन करायला लावलंच! फार्माकॉलॉजीत पुण्याचा पाया फार उपयोगी पडला. भारतात कोणी भाचा-पुतण्या इकडच्या लायसन्सचा विचार करत असेल, तर त्याला २००८ पासून तिथे सुरू झालेल्या सहा वर्षांच्या फार्म.डी.ची माहिती आधीच द्या. चार वर्षं गेल्यावर कळून उपयोग नाही.

न गेलेली
बॅचलर्स केलं, सुट्टीत फार्मसीत काम केलं आणि अर्जच केला नाही. दिवसभर उभं राहणं, फोन, घाई, मला ते जमणारं नव्हतं. आता क्लिनिकल ट्रायल्समध्ये आहे, मजेत. ती डिग्री नसती तर मी अर्ध्यातून बाहेर पडले असते.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला बसवून वाचून दाखवलं. ती थेट सहा वर्षांवर ठाम आहे, आणि मीही आता तिच्याच बाजूने आहे, पण आधी तिने फार्मसीत थोडं काम करावं एवढा हट्ट धरणार आहे. थेट गेलेल्या ताई, तो जीपीए नेमका किती लागायचा आणि एकदा घसरला तर सावरायला संधी मिळते का?