'टिपिकल टीनएजर'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न: इंग्रजीतल्या यंग अ‍ॅडल्ट कादंबऱ्यांवर मराठीत लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय. त्यात तीच तीच पोरं येतात ना, कोपऱ्यात वाचत बसणारी चष्मिस मुलगी, सगळ्या वर्गाला तालावर नाचवणारी पैसेवाली, बापाशी अबोला धरलेला बाइकवाला, तर या सगळ्यांना मिळून काय म्हणू? 'पौगंडावस्थेतील साचेबद्ध पात्रे' लिहिलं तर बीएडचं पुस्तक वाटतंय.

प्रतिसाद: पौगंड सोडच. संस्कृतात पाचपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड आणि मग पंधरा-सोळापर्यंत कैशोर अशी वाटणी आहे, म्हणजे मूळचा पौगंड चौथीतला पोरगा आणि आपण त्याला ढकललाय कॉलेजात. कुमारही असाच वर सरकला, नववी-दहावीचं पुस्तक कुमारभारती झालं. आणि किशोर म्हटलं की पुण्यात पटकन आठवतं ते १९७१ पासूनचं बालभारतीचं मासिक. टीन म्हणजे थर्टीन ते नाइन्टीन, आपल्याकडे अकरा ते अठरामधले चौदा आणि सोळा सोडले तर बाकीचे 'रा'वर संपतात आणि एकोणीस वेगळाच, त्यामुळे आकड्यावरून शब्द निघत नाही. टीनएजर बिनधास्त ठेव.

साचा मात्र अगदी बरोबर आहे. स्टिरिओटाइप मुळात छापखान्यातला शब्द, अक्षरांचे खिळे जुळवून पान तयार झालं की त्याचा साचा घ्यायचा, त्यात धातू ओतून सबंध पानाची एकच प्लेट करायची आणि पुढच्या आवृत्त्या तिच्यावरूनच काढायच्या. माणसांबद्दलच्या ठरीव समजुतींसाठी तो रूढ केला अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमननी, १९२२ च्या पुस्तकात. फक्त 'साचेबद्ध पात्रे' नको, 'साच्यातली पोरं' लिही, साच्यातले गणपती म्हणतो तसं.

दुसरा प्रतिसाद: साच्यातली पोरं आवडलं. पण मला खरी अडचण पुढे दिसते, एकेका पोराला नाव देताना. आपल्याकडे या वयासाठी शब्द ढीगभर आहेत, अल्लड, आगाऊ, उनाड, टारगट, वाह्यात, शिष्ट, पण हे सगळे मोठ्यांच्या तोंडचे आहेत, कुठलीच पंधरा वर्षांची मुलगी मैत्रिणीला अल्लड म्हणत नाही. आणि या कादंबऱ्या बहुतेक वेळा त्या पोरांच्याच 'मी'मधून सांगितलेल्या असतात. तिथे तू 'अल्लड नायिका' लिहिलंस की गोष्ट तिच्या हातातून काढून तिच्या मावशीच्या हातात दिलीस, आणि मग मूळ लेखिकेनं साचा मोडला असला तरी मराठीत तो परत बसतो. म्हणून पोरं एकमेकांना जे म्हणतात तेच घे, घासू, चष्मिस, पकाऊ, चमको. फर्ग्युसन रोडवर कुठल्याही कट्ट्यापाशी जरा वेळ उभी राहा, भरपूर मिळतील.

प्रश्न विचारणारी: हे डोक्यातच आलं नव्हतं, अल्लड माझ्या मसुद्यात खरंच आहे, काढते. पण वर्गावर राज्य करणाऱ्या त्या मुलीला काय म्हणू, शिष्ट पण मोठ्यांचाच झाला ना?

दुसरा प्रतिसाद: हो. 'भाव खाते' लिही. विशेषण नको, क्रियापदच ठेव.