वर्कस्टेशनला मराठीत काय म्हणायचं? टेबल, जागा की आसन?

नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलोय. पुण्यात एका ऑफिसचं फॅसिलिटीचं काम बघतो, सगळे फ्लोअर प्लॅन ऑटोकॅडमध्ये (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) आहेत, कोण कुठे बसतं, कुठलं टेबल कुठे, सगळं त्यातच. शिफ्टिंगच्या मुलांसाठी मराठीत एक पान सूचना लिहायच्यात आणि वर्कस्टेशन, म्हणजे एकेकाची टेबलासकट बसायची जागा, हा शब्द सारखा येतोय. मागच्या वेळी मी सरळ 'टेबल' लिहिलं आणि तिथेच घोळ झाला. 'टेबल नं. ४१ खिडकीकडे न्या' असं लिहिलं होतं, मुलांनी नेलं, टेबलावरचा ४१ चा स्टिकरपण सोबत गेला, आणि प्लॅनमध्ये ४१ म्हणजे खांबाजवळची जागा, लॅन पॉइंटही (नेटवर्कची वायर जोडायचा) त्याच नंबरचा. सोमवारी अख्ख्या रांगेचे नंबर प्लॅनशी जुळेनात. मुलांचं काही चुकलं नाही, शब्दच चुकीचा दिला होता. 'आसन' लिहू का?

प्रतिसाद :
आसन नको. आसन क्रमांक म्हटलं की एसटी नाहीतर नाट्यगृह आठवतं, तिथे खुर्ची जमिनीला बोल्ट केलेली असते म्हणून जागा आणि वस्तू एकच, तुमच्याकडे नेमकं तसं नाहीये. 'बैठक' म्हणाल तर दहावीच्या पेपरला बैठक क्रमांक असतो खरा, पण ऑफिसात बैठक म्हणजे मीटिंग. साधं 'जागा' लिहा की, 'माझ्या जागेवर फाईल ठेव' असं आपण रोज म्हणतोच. आणि वस्तूसाठी आपल्याकडे जुना शब्द आहे, शाळेत, ग्रामपंचायतीत जडवस्तू संग्रह नोंदवही असते, डेड स्टॉक रजिस्टर म्हणतात ती, त्यात टेबलं, खुर्च्या, कपाटं चढवतात. म्हणजे जागा क्रमांक वेगळा आणि वस्तू क्रमांक वेगळा.

प्रतिसाद :
वरच्यांशी सहमत, आणि ड्रॉइंगमध्येपण हेच करा. बरेच जण टेबलाच्या ब्लॉकमध्येच (एकत्र बांधलेलं तयार चित्र) सीट नंबरचं अ‍ॅट्रिब्यूट (ब्लॉकला जोडलेली माहिती) घालतात, मग प्लॅनवर टेबल मूव्ह केलं की नंबरही त्याच्याबरोबर सरकतो, तुमच्या स्टिकरचं झालं अगदी तसंच. जागेचा छोटा ब्लॉक वेगळ्या लेअरवर, म्हणजे ड्रॉइंगच्या वेगळ्या थरावर ठेवा, त्यात जागा क्रमांक, आणि टेबलाच्या ब्लॉकमध्ये फक्त वस्तू क्रमांक. मग डेटा एक्स्ट्रॅक्शन (ब्लॉकमधली माहिती बाहेर काढायची सोय) करून एक्सेलला दोन्ही याद्या निघतात. आणि कळकळीने सांगतो, ब्लॉक एक्सप्लोड करू नका, म्हणजे फोडून सुटा करू नका, भरलेला नंबर जातो आणि तिथे नुसतं टॅगचं, म्हणजे त्या अ‍ॅट्रिब्यूटचं नाव उरतं. बर्स्ट कमांडने फोडलं तर नंबर दिसत राहतो पण तो साधा मजकूर होतो, अ‍ॅट्रिब्यूट म्हणून यादीत येत नाही. कोणीतरी प्रिंटसाठी घाईत एक्सप्लोड करतं आणि मग पूर्ण मजला परत हाताने मोजत फिरावं लागतं, मी फिरलोय.
शब्दाचं म्हणाल तर ब्लॉकला ठोकळा करू नका. ब्लॉक म्हणजे फ्लॅट असंही लोक म्हणतात, 'डोंबिवलीला ब्लॉक घेतला', पण ड्रॉइंगवर बसलेल्या माणसाला ब्लॉकच कळतो. शिफ्टिंगच्या मुलांना तो शब्द लागतच नाही.

मूळ प्रश्नकर्ता :
मनापासून आभार दोघांचे. जडवस्तू हा शब्द माझ्या वडिलांच्या तोंडी होता, शाळेत कारकून होते, मला सुचलाच नाही बघा. पानावर आता चार रकाने केलेत, वस्तू क्रमांक, काय वस्तू, कुठल्या जागेवरून, कुठल्या जागेवर. जागेचे स्टिकर टेबलावरून काढून लॅन पॉइंटच्या पट्टीवर लावतोय, ती काही कोणी उचलून नेत नाही. एकच राहिलं, टेबलाखालचं तीन ड्रॉवरचं चाकावालं पेडेस्टल. मी 'खणांचं छोटं कपाट' लिहिलं होतं तर मुलांनी विचारलं, कपाट कुठाय? ती त्याला 'पेटी' म्हणतात. तेच लिहितोय.