बिटरची ग्रॅव्हिटी सलग तिसऱ्यांदा कमी: १.०४५ ऐवजी १.०३६

रेडिंगकर
नमस्कार. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. दीड वर्षापासून घरी बिअर करते. आधी तयार अर्काचे किट वापरले, गेल्या हिवाळ्यापासून थेट माल्टवर (मोड आणून वाळवलेले जवाचे दाणे) आले, पिशवी पद्धतीने, म्हणजे भरडलेला माल्ट कापडी पिशवीत घालून भांड्यातल्या पाण्यात ठेवायचा. ओरिजिनल ग्रॅव्हिटी (आंबवण्याआधीची घनता, त्यावरून साखर किती ते कळतं; पाणी १.०००) मात्र काही केल्या गाठता येत नाही. तीन बॅच झाल्या, तिन्ही कमी पडल्या.

परवाच्या बिटरचे (कडसर इंग्लिश बिअर) आकडे देते. मॅरिस ऑटर हा फिकट माल्ट ४.७ किलो, रंग-चवीसाठी क्रिस्टल माल्ट ३०० ग्रॅम. नळाचं पाणी ३२ लिटर, सगळं एकदमच घातलं, स्पार्ज (चोथा नव्या पाण्याने धुणं) नाही. ६७ अंशांवर मॅश (माल्ट गरम पाण्यात मुरवून त्यातल्या स्टार्चची साखर करणं), एक तास, भांड्याला रजई गुंडाळून. तासाने पाहिलं तर ६५. पिशवी उचलून हुकाला टांगली, निथळू दिली, पिळली नाही. उकळण्याआधी २८ लिटर, १.०३१. तासभर उकळल्यावर २४ लिटर, १.०३६. रेसिपीत १.०४५ होती. माल्ट ऑनलाइन दुकानातून भरडूनच येतो.

माल्टच्या चार पैशांचं मला काही नाही. कडवटपणा देणारे हॉप्स मी १.०४५ च्या हिशेबाने घालते. बिअर १.००९ वर थांबली, म्हणजे ४.६ टक्क्यांऐवजी साडेतीन टक्के अल्कोहोल. जिभेवर पहिल्यांदा कडू लागतं आणि त्याच्या मागे माल्टचा गोडवा येतच नाही. आठ तास उभं राहून केलेली गोष्ट अशी पोकळ लागली की फार वाईट वाटतं. कुठे चुकतंय?

शेवटचा_घोट
नमुना गरम असतानाच हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती नळी) बुडवलात का? बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांवर जुळवलेले असतात. ६० अंशांच्या वर्टमध्ये (माल्टचं गोड पाणी) १५ पॉइंट, म्हणजे ०.०१५, कमी दिसतात. आणि २८ लिटर उकळत्या वर्टचे की गार? तापल्यावर वर्ट साधारण ४ टक्के फुगतो.

रेडिंगकर
दोन्ही नमुने वाटीत काढून, बर्फाच्या पाण्यात २० अंशांपर्यंत गार करून मोजले. लिटरही गार धरूनच लिहिलेत. तुमचं वाचून आत्ता डिस्टिल्ड पाण्यात तपासलं, बरोबर १.००० दाखवतो.

जव_आणि_जातं
ताई, आकडे नीट दिलेत त्यामुळे बोलता येतं. काहीही बदलण्याआधी साखर कुठे हरवते ते पाहू.

ग्रॅव्हिटीचे शेवटचे दोन आकडे घ्या आणि लिटरने गुणा. उकळण्याआधी २८ × ३१ = ८६८. उकळल्यावर २४ × ३६ = ८६४. उकळताना पाणी उडतं, साखर नाही, म्हणून हे दोन आकडे जुळायलाच हवेत. तुमचे जुळतात. म्हणजे मोजमाप ठीक आणि उकळीत गडबड नाही.

चांगल्या पेल माल्टमधून किलोमागे साधारण ३०० पॉइंट निघू शकतात. पाच किलोचे १५००. तुम्हाला मिळाले ८६८, म्हणजे ५८ टक्के. रेसिपी ७२ धरून लिहिली आहे.

आता खरी गंमत अशी की तुम्ही स्पार्ज करत नाही. त्यामुळे चोथ्यात अडकलेला वर्ट आणि भांड्यातला वर्ट एकाच ग्रॅव्हिटीचा. ५ किलो माल्ट आणि ३२ लिटर पाणी, सगळ्या स्टार्चची साखर झाली तर मॅश १.०४३ च्या आसपास जायला हवा. तुमचा ३१ वर अडला. याचा अर्थ साखर चोथ्यात राहिली नाही, ती झालीच नाही. पिशवी पिळलीत तर लिटर-दीड लिटर वर्ट जास्त मिळेल, ग्रॅव्हिटी हलणार नाही. पिळण्याच्या मागे लागू नका.

स्टार्च तसाच का राहतो? जाडी भरड, गुठळ्या, थर्मामीटरची चूक, मॅशचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट). माझा रोख भरडीवर आहे. भाजणी दळून आणल्यावर आपण चिमटीत घेऊन बघतो ना, तसं पुढच्या वेळी चोथा बघा. मूठभर पांढऱ्या ताटलीत पसरा आणि अख्खे दाणे वेचा.

टेम्सकाठी
रेडिंगचं पाणी विसरू नका. चुनखडीतून येतं, किटलीत पांढरा थर ज्याच्यामुळे धरतो तोच बायकार्बोनेट मॅशचा पीएच वर ढकलतो. गार नमुन्यात ५.२ ते ५.५ हवा. फिकट माल्टला तो खाली आणायचं बळ नसतं, काळा भाजलेला माल्ट स्वतःच आंबट असतो. लंडनच्या पाण्यात पोर्टर ही काळी बिअर चांगली जमायची, त्यामागे हेही एक कारण आहे. तुमच्या तीन बॅचमध्ये एखादी काळी होती का?

रेडिंगकर
हो, दुसरी स्टाउट होती, काळीच. तीही १.०५० ऐवजी १.०४१ वरच आली.

टेम्सकाठी
मग पाणी मुख्य कारण नसावं. माझा अंदाज मागे घेतो. पीएच तरी एकदा मोजाच, कागदी पट्टीने नको, मीटरने.

सोपा_हिशेब
माझं मत वेगळं आहे. तीनही वेळा सारखेच नऊ पॉइंट कमी पडले ना? मग ५८ टक्के धरूनच रेसिपी लिहा. ५ ऐवजी ६.२ किलो माल्ट, विषय संपला. आणि ऐन वेळी कमी दिसलं तर २४ लिटरला नऊ पॉइंट वाढवायला सुमारे ६०० ग्रॅम ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (वर्ट सुकवून केलेली पूड) उकळीत घाला. घरी एक पाकीट ठेवलेलं बरं.

जव_आणि_जातं
एक्स्ट्रॅक्ट जवळ ठेवणं पटतं. पण कारण भरड असेल तर ५८ वर भरवसा ठेवता येत नाही. दुकानदाराने रोलर किंचित हलवले की पुढची गोणी ६५ देईल आणि बिअर भलतीच जड होईल.

रेडिंगकर
तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

आधी दुकानाच्याच भरडीवर एक छोटी बॅच केली आणि चोथा ताटलीत पसरला. शंभर दाणे मोजले. एकवीस अख्खे निघाले, टरफलाला चीरसुद्धा नाही. एक दाताखाली धरला. बाहेरून मऊ, आत पांढरी कोरडी कणी, कच्च्या तांदळासारखी कचकन लागली. तासभर ६७ अंशांच्या पाण्यात राहूनही आतपर्यंत पाणी पोचलंच नव्हतं. पाहिल्यावर खरंच गलबलून आलं, तीन बॅच मी थर्मामीटरवर आणि स्वतःवर संशय घेत होते.

मग अख्खा माल्ट मागवला आणि दोन रोलरची हातगिरणी घेतली. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) रोलरमधलं अंतर ०.९ मिलिमीटर लावलं. भरड वेगळीच दिसली: टरफलं लांबट फाटलेली, आत जाड रवा, थोडं पीठ. बाकी काही बदललं नाही: तीच रेसिपी, तेवढंच पाणी, तोच एक तास. मॅश १.०३९. उकळल्यावर २४ लिटर, १.०४५.

चोथ्यात शंभरात तीन अख्खे दाणे. मीटरवर मॅशचा पीएच ५.७ आला, म्हणजे टेम्सकाठींचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं.

जव_आणि_जातं
फार छान! ७२ टक्के झाले. आता पुढच्या बॅचला गिरणीला हात लावू नका, फक्त पीएच ५.४ वर आणा. लॅक्टिक अ‍ॅसिड थोडं थोडं, दर वेळी ढवळून आणि मोजून. १.०३९ चे ४१ झाले तर इथे कळवा. आणि गिरणी ओल्या फडक्याने पुसू नका, रोलर गंजतात. कोरडा ब्रश फिरवा.

रेडिंगकर
ब्रश आणला आहे. पुढची बॅच रविवारी.