युवक-सेवकाकडे प्रत्येक शंकेचे उत्तर असावे का?
तरुणांच्या शंकेला तत्काळ उत्तर देता आले नाही, तर युवक-सेवकाचा, म्हणजे चर्चमध्ये तरुणांचे काम पाहणाऱ्याचा, स्वतःचाच विश्वास कच्चा ठरतो, असे कोणी म्हटले, तर ते मला पटत नाही. रविवारचे गायन आणि खेळ हा या कामातला सोपा भाग. खरी सेवा उपासनेनंतर खुर्च्या रचताना सुरू होते, कारण एक खुर्ची दुसरीवर चढवत, मान वर न करता एखादा मुलगा नेमके तेव्हाच विचारतो की, आईसाठी एवढी प्रार्थना केली, तरी ती का गेली. बायबलमधल्या, दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्र ७ दिवस आणि ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ठीक होते. बोलू लागले आणि सगळे बिघडले. अशा मुलाला मी बायबलच्या स्तोत्रसंहितेतले ८८ वे स्तोत्र वाचायला देतो, कारण ते शेवटपर्यंत अंधारातच राहते आणि तरीही प्रार्थना म्हणूनच पवित्र शास्त्रात टिकून आहे. (काही पालकांना हे रुचत नाही, ते असो.) मात्र रात्री उशिरा आलेल्या संदेशात जिवाचे बरेवाईट करण्याचा सूर असेल, तर गुप्ततेचा शब्द बाजूला ठेवून घरच्यांना आणि समुपदेशकाला त्याच रात्री कळवावे लागते, तिथे नुसत्या प्रार्थनेवर भागत नाही.