रस सहा की नऊ?

भास्कराचार्यांनी स्वतःचं जन्मवर्ष श्लोकात सांगितलंय : 'रसगुणपूर्णमहीसमशकनृपसमयेऽभवन्ममोत्पत्तिः'. अर्थ देतात शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. पण आपण तर नवरस म्हणतो. रसाचे नऊ धरले तर आचार्य तीन वर्षांनी धाकटे होतात! हे सहा आले कुठून?

---

नवरस काव्यातले. हे ताटातले : गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. षड्रस पक्वान्नं म्हणतो ना, तेच. गुण तीन, सत्त्व-रज-तम. पूर्ण म्हणजे शून्य. मही, पृथ्वी, एकच. आता 'अंकानां वामतो गतिः', उजवीकडून डावीकडे मांडत जा : १०३६. या पद्धतीला भूतसंख्या म्हणतात.

---

सरळ आकडा सांगायला काय झालं होतं?

---

वृत्तात बसवून दाखवा की! एकासाठी मही, भू, चंद्र, शशी, जो बसेल तो घ्यायचा. शिवाय पोथी उतरवताना आकडा सहज बिघडतो आणि कळतही नाही. शब्द बिघडला की वृत्त अडखळतं. त्याच श्लोकात पुढे 'रसगुणवर्षेण' आहे, म्हणजे वयाच्या ३६व्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ रचला.

खरी गंमत त्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथात आहे. परिघासाठी सांगतात, 'व्यासे भनन्दाग्निहते विभक्ते खबाणसूर्यैः'. भ म्हणजे नक्षत्रं, २७. नंद राजे ९. अग्नी ३. झाले ३९२७. ख शून्य, मदनाचे बाण ५, सूर्य १२ : १२५०. व्यासाला ३९२७ने गुणा, १२५०ने भागा. गुणोत्तर येतं ३.१४१६. भ आणि सूर्य एकदम दोन-दोन अंक टाकतात, तिथे नवखा हमखास चुकतो. मीही चुकलो होतो.

---

हा 'ख' खग, खगोल यांतलाच का?

---

तोच. ख म्हणजे आकाश, म्हणून शून्य. ज्या राशीचा, म्हणजे संख्येचा, छेद शून्य, तिला आचार्य 'खहर' म्हणतात. कितीही मिळवा किंवा वजा करा, ती बदलत नाही.

---

सगळं पटलं, पण 'पूर्ण' म्हणजे शून्य? आमच्याकडे पूर्ण म्हणजे काठोकाठ भरलेलं.

---

'पूर्णमदः पूर्णमिदं' आठवा. पूर्णातून पूर्ण काढलं तरी पूर्णच उरतं. शून्यातून शून्य वजा करून बघा.